ग्रंथालयाचें मागणें सरकारदारीं कसें न्यावें?

आमच्या शिक्षित समाजांत एक चमत्कारिक संकोच दृष्टीस पडतो. सार्वजनिक गणपतीची वर्गणी मागावयास किंवा धर्मादाय नाटकाचीं तिकिटें खपवावयास जो गृहस्थ आनंदानें चार जिने चढून जातो, तोच गृहस्थ वाचनालयाच्या अनुदानासाठीं आमदाराला भेटावयाचें म्हटलें कीं अंग चोरूं लागतो. एक तर ती त्याला याचना वाटते. दुसरें असें कीं, राजकारणी माणसाच्या दारांत उभें राहणें आपल्याला शोभत नाहीं अशी त्याची समजूत असते. आणि तिसरें, जें आमच्या मतें खरें कारण आहे, तें हें कीं, जावें कोणाकडे, केव्हां जावें आणि बोलावें काय, हें त्याला ठाऊकच नसतें. या तिन्ही गांठी आज सोडवून पाहूं.

पहिली गांठ याचनेची. ग्रंथालयांना द्रव्य देणें हा सरकारचा औदार्याचा विषय नसून कायद्याचा विषय आहे. राज्यघटनेनें सरकारी ताब्यांतील व सरकारी पैशावर चालणारीं ग्रंथालयें राज्यांच्या यादींत बाराव्या क्रमांकावर घातलीं आहेत. म्हणजे त्यांची जबाबदारी दिल्लीची नव्हे, मुंबईची. आपल्या विधिमंडळानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम संमत केला, त्यांत ग्रंथालय निधीची योजना केली आणि त्या निधींत सरकारनें दरसाल निदान २५ लक्ष रुपये घालावे असें लिहून ठेविलें. पुढें १९७० सालीं अनुदानाचे नियम झाले. त्यांनुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून प्रत्येकास ठराविक परिरक्षण अनुदान मिळतें. आपण बाजारांतून साबणाची वडी आणली तरी तींतून कर जातो. त्या कराचा एक अंश पुस्तकाच्या रूपानें परत मागणें याला भिक्षा म्हणणें म्हणजे आपल्याच पेढींत ठेविलेली रक्कम काढावयास गेलेल्या माणसाला भिकारी म्हणण्यासारखें आहे.

हें तत्त्व समजण्यास वरळीच्या बी. डी. डी. चाळींइतकें उत्तम उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत राहावयास जागा मिळेना, तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानींत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हें खातें १९२० सालीं स्थापन झालें. वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ इमारती या खात्यानें उठविल्या. पैकीं १२१ एकट्या वरळीस. त्यांना लागणाऱ्या पैशासाठीं सरकारनें कर्ज काढलें आणि शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागें एक रुपया जकात बसविली. म्हणजे ज्या कापसावर गिरणी चाले, त्याच कापसानें गिरणी-कामगाराच्या डोक्यावर छप्पर घातलें. या चाळी कोणा धनिकाच्या दानांतून नव्हे, तर अंदाजपत्रकांतील एका रकमेंतून जन्मल्या. जें घराचें, तेंच ग्रंथालयाचें. अंदाजपत्रकांत ओळ नसेल तर इमारतींत वीट नसते.

आतां या प्रश्नांत कोणाचें काय पणास लागलें आहे तें पाहूं. या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तींत आजोबा, आई-बाप, दोन-तीन मुलें आणि गांवाहून नोकरीसाठीं आलेला एखादा पुतण्या, इतकीं माणसें पिढ्यान् पिढ्या राहिलीं. शालान्त परीक्षेला बसलेल्या मुलानें अभ्यास कोठें करावा? कोणी सज्जांत बसे, कोणी जिन्याच्या पायरीवर, कोणी रस्त्यावरील दिव्याखालीं. अशा घरांतील मुलाला तळमजल्यावरील एका खोलींतलें वाचनालय, त्यांतील लांब मेज, वर फिरणारा पंखा आणि रात्रीं दहापर्यंत कोणी ‘ऊठ’ न म्हणणारी जागा म्हणजे केवढी प्राप्ती, हें ज्यांच्या घरांत स्वतंत्र अभ्यासाची खोली आहे त्यांना कल्पनेनेंच जाणावें लागेल. आम्हीं पस्तीस वर्षे शिकविलेल्या मुलांत अशा मेजावरून उठून वकील, परिचारिका व शिक्षक झालेलीं मुलें आहेत.

आज या चाळींचें रूप पालटत आहे. म्हाडामार्फत पुनर्विकास चालू असून १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही अत्यंत आनंदाची गोष्ट होय. पण आमचा एक जुना विद्यार्थी परवां भेटावयास आला, तो म्हणाला, “गुरुजी, घर मिळेल, पण खालचें वाचनालय कोठें जाईल तें कोणी सांगत नाहीं. कपाटें कोणाच्या घरीं ठेवावीं, इथपर्यंत बोलणें आलें आहे.” त्याला आम्हीं विचारलें, “लेखी कोणाला विचारलें कां?” तो गप्प बसला. असे गप्प बसणारे सर्वत्र आहेत आणि म्हणूनच हा लेख. ज्याचें नांव नकाशावर नाहीं, तें बांधकामांत येत नाहीं. आणि नकाशा पुरा झाल्यावर जो बोलावयास जातो, त्याचें ऐकून घेणारा अधिकारी सहानुभूतीपलीकडे कांहीं देऊं शकत नाहीं.

येथें दोन आक्षेप येतात, त्यांचा विचार करूं. पहिला असा कीं, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, सारें ज्ञान त्यांत आहे, मग वाचनालय कशाला? यावर आमचें उत्तर असें कीं, मोबाइल माहिती देतो, पण बसावयास खुर्ची देत नाहीं, शांतता देत नाहीं, आणि शेजारीं मान खालीं घालून वाचणारा सोबतीहि देत नाहीं. शिवाय दिवाळी अंक, विश्वकोशाचे खंड, स्पर्धापरीक्षांचीं महाग पुस्तकें हीं प्रत्येक घरानें स्वतंत्रपणें विकत घ्यावीं असें म्हणणाऱ्यानें आधीं त्या घरांचा जमाखर्च पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकारी पैसा आला कीं लोकांचा हात आंखडतो व संस्था परावलंबी होते, असें कांहीं विचारी लोक म्हणतात. यांत तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय बडोद्यास शंभर वर्षांपूर्वींच सांपडला आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणून राज्यभर ग्रंथालयें पसरविलीं, तेव्हां व्यवस्था अशी ठेविली कीं, गांवानें एक भाग जमवावा, स्थानिक पंचायतीनें तितकाच घालावा आणि तितकाच सरकारनें द्यावा. अमेरिकेंत कार्नेजी याचीहि अट अशीच होती. इमारतीचे पैसे तो देई, पण गांवानें त्या रकमेचा दहावा हिस्सा दरसाल चालू खर्चासाठीं स्वतः उभा करण्याची हमी द्यावी लागे. तात्पर्य, सरकारकडे रिकाम्या हातांनीं जाऊं नये. आपली वर्गणी पुढें ठेवून मग त्यांचा वांटा मागावा. अशा मागणाऱ्याचा शब्द जड होतो.

मागणें मागतांना काय मागावें याचीहि अक्कल लागते. इंग्लंडांत १८५० सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा झाला. विल्यम युअर्ट या सभासदानें तो आणिला आणि गवंड्याचा मुलगा असलेल्या एडवर्ड एडवर्ड्स या ग्रंथालय-सेवकानें त्यासाठीं आंकडे जमविले. विरोधहि कमी झाला नाहीं. कर्नल सिब्थॉर्प नांवाच्या एका सभासदानें तर आपल्याला वाचन मुळींच आवडत नाहीं असें भर सभेंत सांगितलें! अखेर कायदा झाला, पण त्यांत गंमत अशी राहिली कीं, कराच्या पैशांतून इमारत बांधावी, नोकर ठेवावे, परंतु पुस्तकें घेण्याची मुभा नव्हती. पुढें १८५५ सालीं कायदा सुधारावा लागला. आडांत पाणी आहे पण पोहऱ्यास तळ नाहीं, अशी ही अवस्था. एडवर्ड्सच्या कांहीं आंकड्यांत चुका निघाल्या व विरोधकांनीं त्या धरून बसून भांडवल केलें, हीहि गोष्ट ध्यानांत ठेवावी. एक खोटा आंकडा नऊ खऱ्यांची किंमत घालवितो.

नेमक्या माहितीचें सामर्थ्य याच बी. डी. डी. खात्याच्या इतिहासांत दिसतें. या खात्याच्या बॅकबे येथील भरावाच्या कामांत चाललेला अपव्यय वीर नरीमन यांनीं कायदेकौन्सिलांत व बाहेर उघडकीस आणिला. खात्यांतील हार्वे नामक अधिकाऱ्यानें त्यांच्यावर बेअब्रूची फिर्याद केली. ती नरीमन यांनीं जिंकली. कौन्सिलांत बहुमत नव्हतें, सत्ता नव्हती. होती ती पक्की माहिती. सभासदाच्या हातीं अशी माहिती देणें हेंच मतदाराचें काम आहे. सभासद सर्वज्ञ नसतो. त्याच्यापुढें रोज पाणी, रस्ते, दवाखाने यांचे शेंकडों अर्ज पडतात. त्यांत ग्रंथालयाचा अर्ज कोणी टाकिलाच नाहीं, तर तो बिचारा तरी काय करणार? रडल्याशिवाय आईसुद्धां पाजीत नाहीं.

चिकाटीचा धडा मद्रासेकडून घ्यावा. डॉ. रंगनाथन् यांनीं ग्रंथालय-कायद्याचा नमुना १९३० सालीं बनारसच्या शिक्षण परिषदेंत मांडला. बंगालांत मुनींद्र देव राय यांनीं तसें विधेयक आणण्याची खटपट केली, पण ग्रंथालयासाठीं सक्तीचा कर म्हटल्याबरोबर सरकारनें नाक मुरडलें. मद्रासेसहि पहिले प्रयत्न फुकट गेले. अखेर शिक्षणमंत्री अविनाशलिंगम् चेट्टियार यांच्या कारकिर्दींत १९४८ सालीं तेथें कायदा झाला. म्हणजे अठरा वर्षे! मात्र संस्थानी प्रदेश धरले तर पहिला मान आपल्या कोल्हापुराचा; तेथें १९४५ सालींच असा कायदा झाला होता. मद्रासच्या कायद्यानें घरपट्टीवर अल्पसा ग्रंथालय-कर बसविला. त्यामुळें घरें वाढलीं तसा ग्रंथालयाचा पैसाहि वाढला. आपल्या कायद्यांत असा कर नाहीं. ठराविक आंकडा जागच्या जागीं राहतो आणि भाव वर चढतात. अनुदानवाढीसाठीं आपल्या ग्रंथालयांना पुनःपुन्हां सरकारदारीं जावें लागतें तें याचमुळें.

त्याचा परिणाम पाहा. २०१२ सालच्या वाढीनंतर पुढली वाढ राज्य मंत्रिमंडळानें २०२२ सालीं मान्य केली; ती ६० टक्क्यांची होती. तिनें सर्वांत लहान ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचें वार्षिक अनुदान ३०,००० चें ४८,००० रुपये झालें. मागणी करणाऱ्यांचें हें यशच म्हटलें पाहिजे. परंतु हिशेब करा. महिना ४,००० रुपये पडले. त्यांतला निम्मा भाग सेवकाच्या वेतनाचा, म्हणजे २,००० रुपये. संध्याकाळीं दार उघडून रात्रीं कुलूप लावणारा, पुस्तकांची नोंद ठेवणारा माणूस या वेतनांत कोण कसा टिकेल? हाच हिशेब, कांहीं न वाढवितां, आमदारापुढें ठेवावा. विशेषणांची जरूरी पडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. प्रथम, जावें कोणाकडे? ग्रंथालयांचा विषय राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे. ग्रंथालय संचालनालयाची कचेरी मुंबईच्या नगरभवनांत आहे. तेथील नियम काय म्हणतात हें आधीं समजून घ्यावें, म्हणजे जें अधिकाऱ्याच्या हातचें आहे तें मंत्र्याकडे व जें मंत्र्याच्या हातचें तें अधिकाऱ्याकडे मागितलें जात नाहीं. नंतर आपल्या मतदारसंघाचा आमदार. तो तारांकित प्रश्न विचारूं शकतो, लक्षवेधी सूचना देऊं शकतो, खात्याच्या मागण्यांवर कपात सूचना आणून चर्चा घडवूं शकतो. खासदाराला वर्षास पांच कोटींचा स्थानिक विकास निधि असतो, आमदारालाहि तसाच निधि असतो. इमारत, कपाटें अशा एकवेळच्या खर्चासाठीं तो उपयोगी. परंतु एकवेळचा पैसा आणि दरसालचें अनुदान यांची गल्लत करूं नये. सुंदर इमारत उभी राहिली आणि दिवा लावावयास तेल नाहीं, अशीं वाचनालयें थोडीं नाहींत.

विधान परिषदेला तर आमच्या वाचकांनीं मुळींच विसरूं नये. तिच्या ७८ जागांपैकीं सात पदवीधरांच्या व सात शिक्षकांच्या आहेत आणि मुंबईस त्यांतली एकेक आहे. पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीस नव्यानें होते. मागल्या वेळीं नांव होतें म्हणून या वेळीं असेलच असें नाहीं. ज्या घरांत सून पदवीधर, मुलगा पदवीधर, नातहि पदवीधर आणि यादींत एकाचेंहि नांव नाहीं, त्या घरानें समाजाच्या उदासीनतेवर टीका करण्याचा हक्क गमावला असें आम्ही समजतों.

दुसरें, जावें केव्हां? अर्थसंकल्प बहुधा मार्च महिन्यांत मांडला जातो, म्हणून लोक फेब्रुवारींत धांवपळ करितात. तोंवर पानें वाढून झालेलीं असतात. खात्यांचे अंदाज दिवाळीच्या सुमारास तयार होऊं लागतात; खरी वेळ तीच. पावसाळी व नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत पुरवणी मागण्या येतात, तेव्हांहि संधि असते. आणि निवडणुकीपूर्वीं सर्वच उमेदवारांना एकच लेखी प्रश्न विचारावा कीं, ग्रंथालयांविषयीं आपण काय करणार? उत्तर जपून ठेवावें.

तिसरें, जावें कोणीं? ग्रंथालयाच्या सेवकानें पगारवाढ मागितली तर ती त्याची गरज ठरते. वाचकानें मागितली तर ती लोकांची गरज ठरते. म्हणून चार-पांच जणांचें मंडळ असावें. त्यांत परीक्षेला बसलेली एखादी मुलगी, दुपारीं मासिकें नेणाऱ्या एक गृहिणी, रोज वर्तमानपत्र वाचावयास येणारे एक वृद्ध गृहस्थ व हिशेब तोंडपाठ असलेले चिटणीस असावे. मुलीला बोलूं द्यावें. वडीलधाऱ्यांनीं मध्यें तोंड घालूं नये. भेट दहा मिनिटांची समजावी. हारतुरे, लांबलचक प्रास्ताविक आणि आधींच्या सरकारची निंदा, या तिन्ही गोष्टी घरीं ठेवाव्या. मंडळांत एकाच पक्षाचीं माणसें नसावीं. पक्ष बदलतात, ग्रंथालय तेथेंच राहतें.

चौथें, न्यावें काय? एक पान, अधिक नाहीं. त्याचा मसुदा साधारण असा असावा: “आमच्या वाचनालयाचे सभासद इतके; पैकीं विद्यार्थी इतके, स्त्रिया इतक्या. रोज बसावयास येणारे इतके, जागेअभावीं परत जाणारे इतके. गतवर्षीं लोकांनीं दिलेली वर्गणी व देणग्या इतक्या, सरकारचें अनुदान इतकें, प्रत्यक्ष खर्च इतका. तूट इतकी. आमची विनंती एकच: नव्या इमारतींत वाचनालयास अमुक क्षेत्रफळाची जागा नकाशावर दाखवावी (किंवा, अनुदानाचा दर अमुक करावा). कळावें.” मागण्या दहा लिहिल्या कीं एकहि लक्षांत राहत नाहीं. आंकडे जमविण्यासाठीं दाराशीं एक वही टांगावी व येणाऱ्याची रोज नोंद ठेवावी. तीन महिन्यांत ती वहीच बोलूं लागते. सरकारकडील माहिती हवी असेल तर २००५ सालचा माहितीचा अधिकार हाताशीं आहे. अर्जाची पोंच घ्यावी आणि पंधरा दिवसांनीं नम्रपणें स्मरण द्यावें. संघटित होऊन मागणें असेल तर जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनीं ग्रंथालय संघ आहेत. त्यांत आपल्या संस्थेचा आवाज मिळवावा. राज्यांत अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालयें आहेत; तीं एका सुरांत बोललीं तर ऐकूं न येण्याइतके कान कोणाचेहि जड नाहींत.

पांचवें, आणि हें बहुतेक लोक विसरतात, काम झाल्यावर पुन्हां जावें. ज्या सभासदानें प्रश्न विचारला त्याला वाचनालयांत बोलवावें, पुस्तकांच्या कपाटांपुढें उभें करावें, मुलांशीं बोलूं द्यावें आणि आभाराचें पत्र पाठवावें. काम न झाल्यासहि जावें. रागावून नव्हे, पुढच्या वर्षाची तारीख विचारावयास.

घरांतील मंडळींनाहि यांत वांटा आहे. ज्या एकत्र कुटुंबांत दहा माणसें आणि वाचनालयाची वर्गणी एकाचीहि नाहीं, त्या कुटुंबाच्या सहीला आमदार काय किंमत देईल? म्हणून प्रथम सर्वांनीं सभासद व्हावें. घरच्या सुनांनीं व मुलींनीं आपल्या हस्ताक्षरांत पत्रें लिहावीं. एका छापील अर्जावरील दोनशें सह्यांपेक्षां वेगवेगळ्या हातांचीं वीस पत्रें अधिक बोलतात. आजोबांनीं वर्तमानपत्राला चार ओळी लिहाव्या. आणि ज्यांच्या घरीं पुस्तकें भरपूर आहेत, त्यांनीं ‘आपल्याला वाचनालयाची जरूर नाहीं’ असें म्हणूं नये; ज्याला जरूर आहे त्याला बहुधा मंत्रालयाची वाट ठाऊक नसते, ती वाट दाखविणें हेंच शिक्षिताचें ऋण होय.

वरळीच्या ज्या खोल्यांतून आजवर माणसें पायरीवर बसून शिकलीं, त्यांच्या नातवंडांना चाळीस मजल्यांच्या इमारतींत उद्वाहन मिळेल, गाडी ठेवावयास जागा मिळेल. बसून वाचावयास एक मेज मिळेल कीं नाहीं, हें मात्र अजून आपल्या मागण्यावर अवलंबून आहे. दिवाळी फार दूर नसते. वही आजच टांगावी.